अध्याय ६, श्लोक १०: अपरिग्रह आणि अठरा जीबी



आजचा श्लोक सहाव्या अध्यायातला दहावा. योग्याने एकांतात राहावं, एकट्याने राहावं, मन आणि शरीर आवरून धरावं, कशाची आशा ठेवू नये, आणि शेवटी एक शब्द येतो: अपरिग्रह. जमवाजमव नको. आज मी या एकाच शब्दावर थांबणार आहे, कारण बाकीच्यांचा मला फारसा अनुभव नाही. एकांत मिळत नाही, मन आवरत नाही. पण जमलेलं काढून टाकणं हे काम मी काही वर्षं चक्क पगार घेऊन केलंय.

आपल्या पिढीला हा शब्द आवडतो. गीतेतल्या इतर गोष्टी कठीण वाटतात, ही लगेच जमेल असं वाटतं. कपाट रिकामं केलं, फोनमधले चार हजार फोटो उडवले, इनबॉक्स शून्यावर आणला, की छान हलकं वाटतं. मलाही वाटतं. दोन आठवड्यांपूर्वी आमच्या सत्संगातल्या एकाने विचारलं, "दादा, मेलबॉक्स साफ करणं हा पण अपरिग्रहच ना?" मी हो म्हणून बसलो. घरी येताना मात्र एक जुना सर्व्हर आठवला आणि ते 'हो' घशात अडकलं.

गोष्ट २०१२ ची. मी तेव्हा नगरमध्ये होतो (अहिल्यानगर हे नाव नंतर आलं, आमच्या तोंडात अजून नगरच येतं). एका छोट्या फर्ममध्ये नोकरी. नागापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांचे कॉम्प्युटर, प्रिंटर, नेटवर्क सांभाळायचं. त्यातला एक कारखाना मशीनचे पार्ट बनवायचा. चाळीसेक मेलबॉक्स, आणि सर्व्हर म्हणजे अकाउंट्स विभागात टेबलाखाली ठेवलेला एक काळा डबा. त्यावर विंडोज स्मॉल बिझनेस सर्व्हर २००३, आणि त्याच्यातच एक्सचेंज २००३. सगळ्यांची सगळी मेल एकाच डेटाबेसमध्ये.

एका सकाळी फोन आला, मेल बंद आहे. जाऊन बघितलं तर डेटाबेस स्वतःहून खाली उतरला होता. या आवृत्तीला मर्यादा असायची. मूळची १६ जीबी. २००५ मध्ये सर्व्हिस पॅक २ आला, तेव्हा ती रजिस्ट्रीतून ७५ जीबीपर्यंत वाढवता येऊ लागली, पण कुणी हात लावला नाही तर १८ वर थांबलेली असायची. रोज पहाटे पाचला सर्व्हर स्वतःला तपासतो. मर्यादा ओलांडलेली दिसली की आधी इशारा लिहितो, चोवीस तास वाट बघतो, आणि दुसऱ्या पहाटेही तेच दिसलं तर डेटाबेस बंद करतो. म्हणजे त्या बिचाऱ्याने आदल्या दिवशी सांगितलं होतं. इव्हेंट लॉग कोण वाचतं?

आकडा वाढवून मेल दहा मिनिटांत सुरू केली. पण खरी अडचण पुढे होती. डिस्कवरच जागा नव्हती. डेटाबेसच्या शेजारी ट्रान्झॅक्शन लॉगच्या फाइल साचल्या होत्या, प्रत्येकी ५ एमबीच्या, हजारोंनी. डेटाबेसमध्ये काहीही बदल झाला की तो आधी या लॉगमध्ये लिहिला जातो, आणि पूर्ण बॅकअप झाल्याशिवाय लॉग पुसले जात नाहीत. बॅकअप कित्येक महिने झालाच नव्हता.

इथे एक गंमत सांगतो, पुढे लागणार आहे. घाबरलेला माणूस काय करतो? सगळ्यांना सांगतो, जुनी मेल डिलीट करा. आणि डिस्क आणखी भरते! कारण डिलीट करणं हाही बदलच. 'अमुक काढलं' याचीही नोंद लॉगमध्ये पडते. शिवाय डिलीट केलेलं काही दिवस सर्व्हर राखून ठेवतो. ती मुदत संपल्यावर रात्रीच्या देखभालीत जागा मोकळी होते, पण ती फाइलच्या आत. फाइल बाहेरून तेवढीच दिसते. ती खरोखर लहान करायची तर डेटाबेस बंद करून ऑफलाइन डीफ्रॅग करावं लागतं, म्हणजे जिवंत पानं तेवढी उचलून नवी फाइल बांधायची आणि जुनी टाकून द्यायची. त्यासाठी नव्या फाइलपेक्षा दहा टक्के जास्त मोकळी जागा हाताशी लागते. जागा करण्यासाठी जागा.

मी यूएसबी डिस्क मागवली, पूर्ण बॅकअप घेतला, लॉग गेले. मग यादी काढली. सोडून गेलेल्या नऊ जणांचे मेलबॉक्स तसेच पडून होते, आणि त्यांत एक जुन्या वर्क्स मॅनेजर साहेबांचा, अडीच जीबीचा. शेठना विचारलं. ते म्हणाले, "गेलेल्यांचं काय ठेवायचं? उडवा." आणि त्यांच्या स्वतःच्या मेलबॉक्समधली २००९ च्या आधीची मेलही उडवायला सांगितली. मेलबॉक्स काढला तरी एक्सचेंज तो ठरावीक मुदतीपर्यंत, साधारण ३० दिवस, परत जोडता येईल असा ठेवतो. मला तेवढा धीर नव्हता. मी प्रत्येकावर राइट क्लिक करून 'पर्ज' केलं. नऊ वेळा. रात्रभर डीफ्रॅग चाललं. डीफ्रॅगनंतर डेटाबेसची ओळख बदलते, आधीच्या बॅकअपवर नवे लॉग चढत नाहीत, म्हणून लगेच नवा बॅकअप घ्यायचा असतो. तो मी पहाटे घेतला, त्याच यूएसबी डिस्कवर, आदल्या बॅकअपच्या डोक्यावर. तेवढीच डिस्क होती. साडेसहाला बाहेर टपरीवर चहा प्यायलो तेव्हा मनमाडकडे जाणारे ट्रक बघत मला खरंच असं वाटत होतं की आपण काहीतरी पवित्र केलंय.

दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने एक्सचेंज २००३ चा सपोर्ट ८ एप्रिलला बंद केला आणि त्या कारखान्याची मेल क्लाउडवर न्यायचं काम माझ्याकडेच आलं. तिथे स्टोअरमध्ये एक काका होते. त्याच वर्षी निवृत्त होत होते. एक दिवस ते सर्व्हरपाशी येऊन उभे राहिले.

"इंजिनिअर, ह्या डब्यात जुनी मेल सापडंल का?"

काका सुरुवातीची तीन वर्षं ठेकेदाराकडून कामाला होते, मग कंपनीच्या हजेरीपटावर आले. ग्रॅच्युइटीत ती तीन वर्षं आपोआप धरली जात नाहीत. पण वर्क्स मॅनेजर साहेबांनी त्यांना कायम करताना शब्द दिला होता की सेवा पहिल्या दिवसापासून धरू, आणि तसं शेठना मेलने लिहिलं होतं. शेठचं उत्तरही आलं होतं. काकांनी ती मेल साहेबांच्या स्क्रीनवर स्वतः वाचलेली. त्यांचा स्वतःचा मेल आयडी नव्हता. प्रिंट मागायला संकोच वाटला.

हिशोब अवघड नाही. शेवटचा पगार, मूळ अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. काकांचा ७,८०० होता. म्हणजे वर्षाला ४,५००. तीन वर्षांचे १३,५००. ऑफिसने सांगितलं, कागद दाखवा.

कागद कुठे होता हे फक्त मला माहीत होतं, म्हणजे कुठे नव्हता ते. एक्सचेंज २००३ मध्ये एकाच डेटाबेसमधल्या अनेकांना गेलेली मेल बहुधा एकदाच साठवली जायची आणि प्रत्येकाच्या मेलबॉक्समध्ये तिच्याकडे बोट दाखवणारी खूण असायची. एकाने डिलीट केलं तरी दुसऱ्यासाठी ती जिवंत. शेवटची खूण गेली की मेल गेली. साहेबांच्या मेलबॉक्समधली खूण मी पर्ज केली, शेठच्या मेलबॉक्समधली त्यांच्याच सांगण्यावरून. बॅकअपवर बॅकअप घेतला. काकांची तीन वर्षं मी एका रात्रीत तीन ठिकाणांहून पुसली होती, त्यांना कधी नीट भेटलेलोही नसताना.

आता श्लोकाकडे येतो. त्या पहाटे मी केलं तो अपरिग्रह होता का?

माझ्या मनात याच्या शेजारी एक दुसरी कथा उभी राहते. ती विस्ताराने सांगणारे महिपती आपल्या राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे, १७१५ ते १७९०. पेशाने कुलकर्णी, म्हणजे गावाचं दप्तर सांभाळणारे. आजच्या भाषेत गावाचे डेटाबेस ॲडमिनच. आख्यायिका अशी की पूजेला बसलेले असताना सरकारी बोलावणं आलं, उठून जावं लागलं, आणि परत आल्यावर त्यांनी ठरवलं की यापुढे लेखणी उचलायची ती फक्त संतांच्या चरित्रासाठी. भक्तविजय, भक्तलीलामृत हे ग्रंथ त्यातून आले. आणि या हिशोबनीसाने तुकोबांच्या चरित्रात कर्जखतांचा प्रसंग रंगवून सांगितला आहे, याचं मला फार नवल वाटतं.

प्रसंग तुम्हाला माहीत असेल. तुकोबांच्या घरात सावकारी होती. १६३० चा दुष्काळ पडला, घरातली माणसं गेली, मन उठलं. मग धाकट्या भावाला, कान्होबाला, घरातली खतं आणायला सांगितली. त्यांचे दोन भाग केले. अर्धी खतं कान्होबाच्या हातात दिली. उरलेली अर्धी, आपल्या वाट्याची, इंद्रायणीत बुडवली.

आपण कीर्तनात ऐकतो तेव्हा बुडवण्यावर टाळ्या पडतात. मला मात्र आता त्याआधीची वाटणी जास्त दिसते. हातात गठ्ठा आहे, वैराग्य ऐन भरात आहे, नदी समोर आहे, आणि हा माणूस आधी बसून कागद वेगळे करतो. हा तुझा, हा माझा. तुझा संसार चालायचाय, तुझ्या हक्कावर माझं वैराग्य चालणार नाही. माझ्यासारखा कुणी असता तर सगळंच सोडून दिलं असतं आणि मग भावाला अपरिग्रहावर प्रवचन दिलं असतं.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. ती खतं कसली होती? लोक तुकोबांचं देणं लागत होते, त्याचे ते पुरावे. ते बुडाले तेव्हा गावातले गरीब मोकळे झाले आणि तोटा तुकोबांचा झाला. मी पर्ज केलेल्या मेलमध्ये काय होतं? कारखाना काकांचं देणं लागतो, याचा पुरावा. तो बुडाला तेव्हा देणारा मोकळा झाला आणि तोटा मागणाऱ्याचा. सर्व्हरच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. रिकामी झालेली पानं तो मोजतो, एवढे एमबी मोकळे असं लिहितो, आणि काय गेलं हे त्याला कळत नाही. आपण मात्र सर्व्हर नाही.

पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात पाच यम सांगितलेत. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. अपरिग्रह शेवटी येतो आणि अस्तेय त्याच्या आधी. हा क्रम मुद्दाम आहे की नाही यावर मी वाद घालणार नाही, तेवढा माझा अभ्यास नाही. पण मला तो कामाचा वाटतो. टाकून देण्याआधी बघ, हे तुझं आहे का. दुसऱ्याचं घेणं ही चोरी असेल, तर दुसऱ्याचं फेकून देणं काय असतं?

गांधीजींच्या आत्मकथेत याच शब्दाची गोष्ट आहे. दक्षिण आफ्रिकेत गीता वाचताना अपरिग्रह आणि समभाव या शब्दांनी त्यांना धरून ठेवलं. त्यांनी विम्याची पॉलिसी बंद पडू दिली, आणि वडिलांच्या जागी असलेल्या मोठ्या भावाला कळवलं की यापुढे माझ्याकडून पैशाची अपेक्षा ठेवू नका. भाऊ दुखावला, बोलणं तुटलं. गांधीजी हे लपवत नाहीत. त्यांना त्या शब्दाचा अर्थ कायद्यातल्या ट्रस्टी या कल्पनेतून उलगडला असंही ते सांगतात: विश्वस्ताच्या ताब्यात कोट्यवधी असतात, त्यातला एक पैसाही त्याचा नसतो. मला वाटतं, सिस्टिम ॲडमिनला यापेक्षा नेमकी व्याख्या कुणी दिलेली नाही. पासवर्ड माझ्याकडे, मेल एकही माझी नाही.

मग काहीच पुसू नये का? तसंही नाही. त्या नऊ मेलबॉक्समध्ये लोकांचे वैद्यकीय रिपोर्ट असतील, घरची भांडणं असतील. ते वर्षानुवर्षं कुणीही उघडू शकेल अशा डब्यात ठेवणं हाही त्यांच्यावर अन्यायच. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही काम संपल्यावर माहिती पुसून टाकण्याची अपेक्षा आहे. पुसायला हवंच होतं. नऊ फोन करायला हवे होते आधी. "साहेब, तुमचा मेलबॉक्स काढतोय, त्यात कुणाच्या उपयोगाचं काही आहे का?" वर्क्स मॅनेजर साहेब तेव्हा पुण्यात होते, नंबर अकाउंट्सकडे होता. नऊ फोनला दीड तास लागला असता. मी नऊ क्लिकना पाच मिनिटं लावली.

अठराव्या अध्यायात भगवंत त्यागाचेही तीन प्रकार करतात. मोहाने केलेला तामस. त्रास नको, देहाला कष्ट नकोत म्हणून केलेला राजस, आणि त्याला त्यागाचं फळ मिळत नाही असं स्पष्ट म्हटलंय. माझा कुठला होता हे सांगायला टीकाकार लागत नाही. मला लवकर घरी जायचं होतं.

आणि ते लॉगचं. डिलीट केल्याची पण नोंद होते म्हणालो ना. 'मी सोडलं' हे वाक्य कुठेतरी लिहिलं जातंच, आणि पुष्कळदा सोडलेल्या वस्तूपेक्षा जास्त जागा तेच खातं. त्या पहाटेच्या चहाचा जो आनंद मी वर सांगितला, तो त्या लॉगचाच होता.

काकांना मी तेव्हा काय सांगितलं? "काका, नाही सापडत." एवढंच. हे खोटं नव्हतं. पण मी लिहून देऊ शकलो असतो की अमुक तारखेला, अमुक सांगण्यावरून, हे मेलबॉक्स मीच काढले, आणि त्यामुळे आता कागद न सापडणं हा काकांचा दोष नाही. लिहून दिलं असतं तर आमच्या फर्मचं ते गिऱ्हाईक गेलं असतं, कदाचित माझी नोकरीही. काका म्हणाले, "राहू द्या मग," आणि त्यांना आठच वर्षांची ग्रॅच्युइटी मिळाली. पर्ज करणं ही चूक होती. हे गप्प राहणं चूक नव्हती, त्याला दुसरा शब्द आहे आणि तो पाच यमांच्या यादीत दुसरा येतो.

सत्संगातल्या त्या प्रश्नानंतर गेल्या रविवारी मी काकांकडे जाऊन आलो. राहुरीच्या पुढे त्यांचं गाव आहे. तेरा वर्षांनी मी ते पत्र लिहून नेलं होतं, तारीख, नऊ मेलबॉक्स, बॅकअपवर घेतलेला बॅकअप, सगळं, खाली सही. सोबत पाकिटात १३,५०० रुपयेही होते. ते त्यांनी हातात घेतलेच नाहीत. "तुमच्याकडं कुठं होते माझे पैसे?" म्हणाले. पत्र मात्र चष्मा लावून दोनदा वाचलं. अर्ज आता करता येईल का, विचारलं. मी म्हटलं, अशा अर्जाची मुदत असते, पण उशिराचं सबळ कारण असेल तर अधिकारी ऐकून घेऊ शकतो. तेरा वर्षं हा फार मोठा उशीर आहे, आशा कितपत धरायची ते कामगार कायदा जाणणाऱ्यालाच विचारावं लागेल, आणि ते मी विचारतो. काकू म्हणाल्या, कशाला आता उकरायचं. काका काही बोलले नाहीत. आत जाऊन पत्र्याची पेटी उघडली, विम्याच्या कागदांखाली ते पत्र ठेवलं, पेटीला कुलूप लावलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, "चहा घेऊन जा."

वकिलांना मंगळवारी भेटतोय. उद्या अकरावा श्लोक, आसनाचा.